आईला भूक लागली होती

शिकागोजवळच्या आमच्या नेपरव्हिलमध्ये उन्हाळा आला हे मला झाडांवरून कळत नाही. झाडं इथे आठवडाभरात घाईघाईने हिरवी होतात आणि आपण मान वर करून बघेपर्यंत कायमचीच तशी असल्यासारखी उभी असतात. मला कळतं ते शेजाऱ्यांच्या गाड्यांवरून. टपावर त्या काळ्या, लांबट सामानपेट्या चढल्या की समजायचं, शाळा संपली, माणसं निघाली. मग मीही गराजमध्ये जातो आणि वरच्या फळीवरून बॅगा खाली काढतो. त्यातल्या एकीच्या मुठीला लाल लोकरीचा गोंडा आहे. विमानतळावरच्या पट्ट्यावर आपली बॅग ओळखू यावी म्हणून आईने बांधलेला. ती बॅग हातात आली की मला कॉफीचा आणि भाजलेल्या पावाचा वास येतो. बॅगेला तसला काही वास नाही. मी एकदा नाक लावून पाहिलं आहे, आणि माझ्या बायकोने, मेघनाने, मला ते करताना पकडलं आहे.

"काय हुंगतोयस?"

"काही नाही."

"काही नाही काय? चक्क बॅग हुंगतोयस."

या बॅगेत एक उन्हाळा आहे आणि तो कुणाच्या सुखाचा होता ते मला अजून ठरवता आलेलं नाही, असं गराजमध्ये उभं राहून बायकोला सांगता येत नाही. म्हणून लिहून बघतो आहे.

आधी एक कबुली. मला हॉटेलातला सकाळचा नाश्ता मनापासून आवडतो. त्यातही युरोपातला. कामानिमित्त तिकडे जाणं होतं, आणि मीटिंगांपेक्षा मला त्या सकाळी लक्षात राहतात. कापडाखाली झाकलेला मोठा पाव, तो आपणच करवतीसारख्या सुरीने कापायचा. बर्फावर मांडलेले लोण्याचे चौकोन. अंगठ्याएवढ्या काचेच्या बरण्यांत जर्दाळूचा, काळ्या बेरीचा जॅम, झाकण फिरवताना होणारा तो टिच् असा आवाज. उकडलेल्या अंड्यांवर विणलेल्या टोप्या. ओल्या केसांची, नुकती अंघोळ केलेली अनोळखी माणसं आणि बशीवर कप टेकल्याचे बारीक आवाज. कुणी मोठ्याने बोलत नाही. सगळ्या जगाला आपल्याकडून काहीतरी मागायचं आहे, पण ते अजून दाराबाहेर थांबलं आहे, असं काहीसं वाटतं.

हे आवडतं म्हणताना मला लाज वाटते. कारण मी ज्या घरात वाढलो तिथे नाश्ता ही रोजची पूजा होती. नागपूरच्या आमच्या घरी आई एकेक धिरडं तव्यावरून थेट ताटात टाकायची. दुसरं येईपर्यंत पहिलं संपलेलं असलं पाहिजे, नाहीतर गार होतं. बाबा, मी, पाहुणे असले तर पाहुणे, असे आम्ही खाली मान घालून खात असू आणि ती गॅसपाशी उभी. पोह्यांवर सांबार, म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तिला सांबारच म्हणतात, ती इतकी बारीक चिरलेली असायची की हिरवी धूळ वाटावी. "कसे झाले?" ती विचारायची. "मस्त," आम्ही म्हणायचो. मग ती कढईतलं उरलेलं स्वतःच्या ताटलीत काढायची. ती कधी बसायची, कुठे बसायची, मला आठवत नाही. आठवायला हवं, पण त्या जागी माझ्या आठवणीत चित्रच नाही. मी पंधरा-सोळा वर्षं त्याच स्वयंपाकघरात खाल्लं आणि आईला खाताना पाहिलं नाही, हे माझ्या लक्षात ऑस्ट्रियात आलं.

बाबा गेल्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं युरोपात गेलो होतो. मेघना, मी, तेव्हा सातवीत असलेली आमची ईरा, आणि नागपूरहून येऊन आम्हाला व्हिएन्नाच्या विमानतळावर भेटलेली आई. तिला थोडा बदल व्हावा म्हणून, असं आम्ही सगळ्यांना सांगत होतो. ती शाकाहारी, त्यातून परदेशी जेवण म्हटलं की नाक मुरडणारी, अशी माझी पक्की समजूत. म्हणून मी नेपरव्हिलहून निघताना एक अख्खी बॅग खाण्याने भरली होती. इंडियन ग्रोसरीतली उपम्याची पाकिटं, जाड पोहे, शेंगदाणे, मेतकूट, लोणचं, आणि एक छोटा विजेवर चालणारा कुकर. मेघना पुण्याची. ती म्हणाली, "आपण आल्प्समध्ये चाललोय की लग्नाच्या रुखवताला?" मी चिडलो होतो. आई उपाशी राहिली तर, हा एकच विचार माझ्या डोक्यात होता. आपण आईची काळजी घेतो आहोत या कल्पनेने मी विमानात फार छान झोपलो.

साल्झबुर्गच्या हॉटेलातली पहिली सकाळ. नाश्त्याची खोली तळमजल्यावर, खिडकीबाहेर दगडी रस्ता, आत हाताळून गुळगुळीत झालेली लाकडी बाकं. आई खोलीत शिरली ती सरळ टेबलांवर मांडलेल्या पदार्थांकडे गेली आणि आमच्यासाठी ताटल्या भरू लागली. ईराला फळं, मला पाव, मेघनाला दही. चार फेऱ्या केल्या. मग आमच्या खुर्च्यांच्या मागे उभी राहिली.

"आई, बस ना."

"तुम्ही घ्या आधी. अजून काही पाहिजे का?"

"इथे कुणीच कुणाला वाढत नाही, आई. आपापलं घ्यायचं."

"हो का?" ती म्हणाली आणि मला वाटतं थोडी घाबरली. काय करायचं आता, असं तिच्या हातांकडे बघून वाटलं. पदर खोचायला हात गेला, पण त्या दिवशी तिने पंजाबी ड्रेस घातला होता. शेवटी तिने कागदी रुमाल घेतला आणि आमचं टेबल पुसलं. ते आधीच स्वच्छ होतं.

दुसऱ्या दिवशी तिला टोस्टचं यंत्र सापडलं. वरच्या जाळीवर पाव ठेवायचा, तो आत हळूहळू सरकत जातो, लाल होतो आणि खालच्या तबकात धप्पकन पडतो. आई ते बघत उभी राहिली. एक पडला, तिने तो घेतला नाही, मागच्या माणसाला दिला. पुन्हा एक ठेवला. ईरा तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "आजी, यू कॅन ईट इट, यू नो." आई म्हणाली, "थांब, पाहू दे. हे कोणालाच विचारत नाही, कसा झाला म्हणून." आणि दोघी हसल्या. मी टेबलावरून ते बघत होतो. आईची काहीतरी गंमत चालली आहे एवढंच मला वाटलं. त्या वाक्याचा तुकडा माझ्यापर्यंत आला होता, पण मी तो उचलला नाही.

दाराशी एक बाई खोलीचा नंबर विचारायची. आईला तेही आवडू लागलं. आपला नंबर इंग्रजीत ती आधीच जिन्यात घोकायची, "टू, वन, फोर." आयुष्यभर ती वकीलसाहेबांची बायको, नाहीतर अभयची आई. त्या दारात ती फक्त एक नंबर होती. मला याचं वाईट वाटायला हवं, पण तो नंबर सांगताना तिची मान ज्या तऱ्हेने ताठ व्हायची ते आठवलं की वाईट वाटत नाही. कळत नाही काय वाटतं ते.

आणि मग ती सकाळ. पावसाळी, धुक्याची. मी खाली गेलो तर आई तिथे आधीच होती. एकटी. खिडकीजवळच्या बाकावर. समोरची ताटली रिकामी, ताटलीत जर्दाळूची एक बी आणि मधाचा चकचकीत डाग. तिथे मधाचं अख्खं पोळं एका लाकडी चौकटीत टांगलेलं असायचं, त्यातून थेंब थेंब मध खालच्या बशीत गळायचा. तिने तो मध घेतला होता. हातात कॉफीचा कप. तो तिचा दुसरा कप होता, कारण पहिला रिकामा बाजूला सरकवलेला होता. ती रस्त्याकडे बघत होती आणि तिने मला पाहिलं नव्हतं.

मी कितीतरी वेळ दाराशीच उभा राहिलो. आईला मी कधीच कुणाची वाट न बघता बसलेलं पाहिलं नव्हतं.

"आई, आमच्यासाठी थांबली नाहीस?"

तिने वळून पाहिलं. "अरे, मी आली खाली. भूक लागली होती."

बस, एवढंच. या वाक्यात काहीही नाही. जगात रोज सगळी माणसं हे म्हणत असतील. पण मी तिच्या तोंडून तोपर्यंत फक्त त्याचा प्रश्न ऐकला होता. भूक लागली का? ईराला भूक लागली असेल. तुझ्या बाबांना भूक सहन होत नाही. तिला स्वतःला भूक लागते ही बातमी मला चाळिशीनंतर, परदेशात, एका अनोळखी खोलीत मिळाली. आणि मी काय केलं? मला राग आला. खरंच आला. आपल्याला वगळून आई काहीतरी सुखात होती, आणि तिथे माझी गरज नव्हती. मी ताटली घेतली, पाव कापला, तिच्यासमोर बसलो आणि म्हणालो, "चल, आता माझ्यासोबत परत थोडं घे."

"नको रे. माझं झालं."

तीही मजेत होती, मीही लोणी लावत होतो. पाऊस पडत होता. आम्ही अर्धा तास एकमेकांशी काहीच बोललो नाही आणि ती माझ्या आयुष्यातली आईबरोबरची सगळ्यात शांत सकाळ होती. रागसुद्धा दुसऱ्या पावाच्या तुकड्याबरोबर विरघळून गेला. तेव्हा वाटलं, हे काय आहे? हे नीट ठरवायला हवं. पण मेघना आणि ईरा खाली आल्या, आणि ते राहून गेलं.

तिथून आम्ही स्वित्झर्लंडमध्ये तळ्याकाठच्या एका गावी गेलो. तोवर ती बॅग, लाल गोंड्याची, उघडलीसुद्धा नव्हती. मला त्या बंद पोह्यांची दया येऊ लागली. एका संध्याकाळी मी म्हणालो, "आई, उद्या रूमवर पोहे करायचे का? सगळं आणलंय. तुझ्या हातचे पोहे खाऊन किती दिवस झाले."

आई खिडकीशी वाळत घातलेले मोजे काढत होती. तिचा हात थांबला. "तुला पाहिजेत का?"

"हो म्हणजे, तुला बरं वाटेल म्हणून."

"मला?" ती म्हणाली. मग पुढे, फार हळू, "करते ना. पण खाली नाश्ता असतो ना, राजा?"

मी मुलगा आहे. आईचा चेहरा मला वाचता यायला हवा. तो पडला होता, हे मला दिसलं. पण का, ते कळलं नाही. मला वाटलं बाबांची आठवण आली असेल. मी लगेच विषय बदलला, आणि त्या तळ्यावरच्या गावात पोहे झाले नाहीत. ते पोहे, शेंगदाणे, तो कुकर, सगळं जसंच्या तसं शिकागोच्या विमानतळावर उतरलं.

आई आमच्याबरोबरच आली. व्हिसा होता, सहा महिने राहिली, नेपरव्हिलचा बर्फ पाहून गेली. आणि ते सहा महिने ती पुन्हा गॅसपाशी. मेघनाला लवकरची ट्रेन पकडून शिकागोला जावं लागतं, ईराची शाळेची बस, माझे पहाटेचे कॉल. खाली आलो की कढईचा वास. धिरडी, उपमा, एकदा तर थालीपीठ. "आई, मस्त!" "आई, हॉटेलात असं मिळेल का?" आम्ही रोज तिचं कौतुक करत होतो. मनापासून करत होतो. आता मला वाटतं ते कौतुक म्हणजे रोज सकाळी आम्ही तिला परत कामाला लावण्याची एक रीत होती. आणि लगेच वाटतं, नाही, असं कसं म्हणता येईल, तिचे डोळे तर खरंच चमकायचे.

त्या हिवाळ्यातली एक सकाळ. बाहेर अंगणात ताजा बर्फ, कुणाच्या पावलांचा ठसा नाही. मी खाली आलो तर आई टेबलापाशी बसली होती. हात मांडीत. गॅस बंद. ती फक्त बसली होती, बाहेर बघत, अगदी साल्झबुर्गमध्ये बसली होती तशी.

"बरं नाही का?" मी विचारलं.

"बरी आहे की."

"मग?"

ती उठली आणि तिने कढई ठेवली. मी तिला कढई ठेव असं म्हणालो नव्हतो. मी फक्त 'मग?' म्हणालो होतो.

*

या वर्षी मार्चमध्ये आईचा फोन आला. ती नागपूरच्या फ्लॅटमध्ये एकटीच राहते. गुडघे कुरकुरतात, जिने जड जातात. मी तिला कायमची इकडे आणण्याच्या विचारात होतो, इमिग्रेशनच्या वकिलाशी बोलणंही सुरू केलं होतं. तिने मधेच सांगितलं, "मी एक जागा पाहून आली. वर्धा रोडला. ज्येष्ठांसाठी बांधली आहे. वरच्या मजल्यावर पूर्वेची खोली आहे, लिफ्ट आहे."

"आई, म्हणजे वृद्धाश्रम?"

"ते काही म्हण. खाली मोठा हॉल आहे. सकाळी जायचं, बसायचं, खायचं. तुझ्या त्या ऑस्ट्रियासारखं."

"आई, ते हॉटेल होतं."

"मग हेही हॉटेलच समज."

मला हसू आलं नाही. माझ्या डोळ्यांसमोर आमच्या पिढीतल्या मराठी माणसाला दिसतं तेच सगळं दिसलं. मुलगा अमेरिकेत मोठ्या घरात, आई वृद्धाश्रमात. दुसऱ्या दिवशी मामाचा फोन आलाच. तो आईचा धाकटा भाऊ, नागपुरातच असतो. "काय लेका, माझ्या बहिणीला आश्रमात टाकून राहिला तू? लोक तर मलाच विचारतील ना." मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "त्याला विचार, रोज सकाळी येऊन धिरडी घालेल का मला? म्हणावं, मी पाठवते पीठ." इथल्या एका मित्राला सांगितलं, तो म्हणाला, "यार, ग्रीन कार्ड करून टाक ना तिचं. किती मोठं घर आहे तुमचं." घर मोठंच आहे. स्वयंपाकघरही मोठं आहे. नेमका तोच प्रश्न आहे की काय, हे मी त्या मित्राला विचारू शकलो नाही.

मी आईला स्पष्ट विचारलं, "तू हे माझ्यासाठी करून राहिली का? मला त्रास नको म्हणून?"

ती म्हणाली, "सगळं तुझ्यासाठीच करायचं का मी?"

हे वाक्य ती हसत म्हणाली. मी ते कितीदा तरी मनात फिरवून बघितलं आहे. एका बाजूने ते टोमण्यासारखं वाटतं, दुसऱ्या बाजूने सुटका केल्यासारखं. कुठल्या बाजूने धरायचं ते अजून कळत नाही.

"मग तुला स्वयंपाक आवडतच नव्हता का, आई? इतकी वर्षं?"

"कोण म्हणतं? आवडायचा. आवडतो."

"मग?"

पुन्हा माझं तेच 'मग'. या वेळी मात्र ती कढई ठेवायला उठली नाही. म्हणाली, "अरे, दोन्ही असतं रे. तू फारच शिकला म्हणून तुला एकच उत्तर पाहिजे."

एप्रिल गेला, मे गेला. मी 'बघू' म्हणत राहिलो. आईला माझ्या परवानगीची गरज नव्हती. पैसा तिचा, फ्लॅट तिचा. पण तिने एक अट घातली होती, आणि ती माझ्यावर होती. "मला तुझा होकार पाहिजे. 'तुला पाहिजे तर कर' असं नको म्हणू. मी आयुष्यभर ते ऐकलं आहे. तू म्हण, 'हो, जा.' मग मी जाईन." आणि मला ते दोन शब्द म्हणता येत नव्हते. म्हटले तर मी आईला घालवून दिलं. नाही म्हटले तर मी तिला परत गॅसपाशी उभं केलं.

जूनच्या पहिल्या शनिवारी आम्ही शेजारच्या आयोवा राज्यात होतो. ईरा आता अकरावीत, व्हॉलीबॉल खेळते, आणि तिच्या टूर्नामेंटसाठी आम्ही महामार्गालगतच्या एका हॉटेलात उतरलो होतो. तिथेही सकाळचा नाश्ता फुकट होता. अमेरिकन नाश्ता, म्हणजे कागदी ताटल्या, प्लास्टिकचे काटे, भिंतीवरचा टीव्ही हवामान सांगतो आहे, आणि कोपऱ्यात वॉफलचं यंत्र. पेल्यातलं पीठ ओतायचं, झाकण लावायचं, मूठ धरून उलटं फिरवायचं, आणि ते बीप वाजवेपर्यंत उभं राहायचं. दहा-बारा उंच मुली जत्रेतल्या पाळण्याची रांग असल्यासारख्या तिथे उभ्या होत्या. मीही रांगेत होतो, ईरासाठी वॉफल करायला. ती टेबलावर बसून बुटाच्या नाड्या बांधत होती. आणि तेवढ्यात आईचा फोन. तिकडे संध्याकाळ. टीव्हीच्या आवाजात ऐकू यावं म्हणून मी तो स्पीकरवर टाकला.

"काय करून राहिला? जेवला का?" ती नेहमी हेच आधी विचारते. मी वीस वर्षं इथे आहे, तिचा एकही फोन या प्रश्नाशिवाय सुरू झालेला नाही. माझ्याकडे सकाळ असो, दुपार असो, प्रश्न तोच.

"नाश्ता चाललाय, आई. बोल."

"ते लोक आता थांबणार नाहीत. खोली दुसऱ्या कोणाला देऊन राहिले आहेत. सोमवारी सांगते म्हटलं मी."

यंत्राने बीप सुरू केला. मी एका हाताने मूठ फिरवली, झाकण उघडलं. मागची मुलगी खोळंबली होती. वॉफल चिकटलं होतं, अर्धं वर, अर्धं खाली. "आई, आपण रात्री बोलू का? मेघनाशीही बोलतो."

"मेघना हो म्हणाली मला. फेब्रुवारीतच."

मी मेघनाकडे पाहिलं. ती कॉफीच्या थर्मासपाशी होती. तिने खांदे उडवले, म्हणजे, मी तुला काय सांगणार होते? ईराने आतापर्यंत सगळं ऐकलं होतं. ती उठून माझ्याजवळ आली, माझ्या हातातला काटा घेतला आणि वॉफल सोडवू लागली. "बाबा, आजी जस्ट वॉन्ट्स ब्रेकफास्ट. व्हाय आर यू मेकिंग इट सो सॅड?"

"इट्स नॉट दॅट सिंपल, बेटा."

"शी वॉज सो हॅपी विथ दॅट टोस्ट मशीन. तुला आठवत नाही?"

आठवत होतं. सगळं एकदम आठवलं. धप्पकन पडणारा पाव, मधाचा डाग, तो दुसरा कप. आणि मी समोर बसलो होतो, तोंडात लोणी लावलेला पाव, 'कसा झाला' असं विचारणारं समोर कुणी नाही, 'मस्त' म्हणायची जबाबदारी नाही. तेव्हा मला एवढं हलकं का वाटत होतं ते त्या आयोवातल्या रांगेत माझ्या लक्षात आलं. तिला कुणासाठी काही करायचं नव्हतं आणि मला कुणाचं कौतुक करायचं नव्हतं. आम्ही मायलेक सगळ्यात सुखात होतो ते एकमेकांसाठी काहीच करत नव्हतो तेव्हा. हे किती भयंकर आहे? की चांगलं आहे? मला कुणीतरी सांगायला हवं होतं. पण तिथे टीव्हीवर फक्त आयोवातल्या पावसाची शक्यता सांगत होते.

"राजा?" फोनमध्ये आई. "आहे ना?"

"आहे."

"मग?"

या वेळी 'मग' तिचं होतं.

"हो," मी म्हणालो. "जा, आई."

मला वाटलं, ती आता रडेल. पण ती म्हणाली, "बरं. ईराला म्हणावं, चांगली खेळ," आणि फोन ठेवला. मागची मुलगी म्हणाली, "सर, आर यू डन?" मी बाजूला झालो. हातातल्या कागदी ताटलीत वॉफलचे दोन तुकडे होते, आणि ते मी उभ्या उभ्याच खाल्ले. ईरासाठी दुसरं करावं लागलं.

*

आई त्या खोलीत राहायला जाऊन आता थोडे दिवस झाले आहेत. मामाने सामान नेऊन दिलं, रागावतच. मेघना म्हणते, मी उगाच चेहरा पाडून फिरतो. "तू साल्झबुर्गमध्येही असाच होतास," ती म्हणाली, "रोज छान खायचास आणि मग दिवसभर पापी माणसासारखा चालायचास." हेही खरं असेल. गराजमधली ती बॅग मी यंदा वर ठेवली नाही. दाराशीच आहे. नागपूरचं तिकीट बघतो आहे. आईला भेटायला की खात्री करून घ्यायला, विचारू नका. तिथे पाहुण्यांनाही नाश्ता मिळतो, असं आईने सांगितलं आहे. आधी सांगावं लागतं म्हणे.

काल संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभा होतो. जूनचा उजेड इथे लवकर जात नाही, शेजाऱ्यांच्या छपरावर अजून गुलाबी रेघ होती. मेघना ईराला आणायला गेली होती. जेवण टेबलावर झाकलेलं. मी आईला व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ, हॉलमध्ये भांड्यांचे आणि बायकांच्या हसण्याचे आवाज. फोन तिने कशाला तरी टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला आधी तिचा कान दिसला, मग छताचा पंखा, मग ती.

"हे पाहा," तिने ताटली दाखवली. उपमा, त्यावर सांबार, जरा जाडच चिरलेला. पपईची फोड. "उपमा जरा मोकळा पाहिजे होता. पण गरम आहे." मग कोणाकडे तरी बघून म्हणाली, "हो हो, बसा ना, ती खुर्ची रिकामी आहे." पुन्हा माझ्याकडे. "शेजारच्या खोलीतल्या काकू आहेत. चांगल्या बोलतात. बरं, राजा, ठेवते आता. गार होऊन राहिला."

मी थांबलो होतो. वीस वर्षांच्या सवयीने, तिच्या त्या एका प्रश्नासाठी थांबलो होतो. उत्तर तोंडात तयार होतं.

तिने चमचा उचलला, दुसरा हात पडद्याकडे आला, मोठा मोठा झाला.

"जेवलो गं," मी म्हणालो.

फोन तोवर बंद झाला होता. आणि तसा मी जेवलोही नव्हतो. मी टेबलापाशी बसलो, झाकण काढलं, आणि कुणाचीही वाट न बघता वाढून घेतलं. भूक लागली होती.